लक्ष्मणराव किर्लोस्कर : ठळकवाडीहून कुंडलच्या माळावर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावाने मराठी समाजाला एकाच आडनावाची दोन मोठी माणसे दिली. पहिले बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर. १८४३ साली जन्मलेल्या या नाटककाराने १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, आणि त्यांचे नाव आपल्या वाचनालयाच्या सभासदांना नव्याने सांगावे लागत नाही. दुसरे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा. एकाने सूर धरला, दुसऱ्याने लोखंड. नाटकवेड्या आपल्या भागाने पहिल्याचे गुणगान जितके केले तितके दुसऱ्याचे केले नाही, आणि त्याला कारणही आहे. लक्ष्मणरावांचा उद्योग आपल्या गावात रुजला, वाढीला लागला आणि ऐन उमेदीच्या काळात येथून उठून गेला. जे आपल्या हातून निसटले त्याविषयी फार बोलू नये, असा मनुष्यस्वभाव असतो.

शताब्दीच्या या ग्रंथात त्यांचे चरित्र लिहावयास घेण्याचे कारण हेच. आज लहान गावांच्या नगरपालिका, पंचायती आणि लोकप्रतिनिधी आमच्याकडे कारखाना यावा म्हणून धडपडत असतात. जागा स्वस्त देऊ, कर माफ करू, रस्ता करून देऊ, अशी आश्वासने दिली जातात. गावची तरणी मुले पुण्याला, बंगळूरला आणि गोव्याला जातात ही व्यथा सीमाभागातील घराघरांत आहे. कारखाना एका गावातून जातो कसा आणि दुसऱ्या, त्याहून पुष्कळच लहान गावात येतो कसा, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात असताना ते दूर शोधण्याची गरज नाही.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकांपेक्षा रंगांकडे आणि यंत्रांकडे. शाळेतील अभ्यासात त्यांनी काही चमक दाखविली नाही. चित्रकार होण्याच्या हौसेने, वडिलांची नाराजी आणि थोरल्या भावांचा पाठिंबा घेऊन, ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत उमगले ते विलक्षणच होते. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद ओळखू येत नव्हता. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा घाव कोणता असणार? लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा मात्र ठेवली. यांत्रिक आरेखनाकडे ते वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत त्यांनी यंत्रे जवळून पाहिली, उलगडली, पुन्हा जोडली. परदेशी यंत्रविषयक पुस्तके आणि मासिके वाचून इंग्रजी सुधारले. ज्याला पदवी नाही असा हा मनुष्य वाचनाच्या बळावर यंत्रज्ञ झाला, ही गोष्ट वाचनालयाच्या ग्रंथात नमूद केलीच पाहिजे.

मुंबईत असतानाच त्यांनी कोणा स्वारास सायकलवरून जाताना पाहिले आणि ते वाहन त्यांच्या मनात भरले. सायकल त्या काळी चैनीची वस्तू. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावास धाडीत, आणि थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्या विकीत आणि गिऱ्हाइकास चालविण्यास शिकवीतही. १८८८ साली सुरू झालेल्या या व्यवसायातूनच 'किर्लोस्कर बंधू' हे नाव पुढे आले. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्यास बेळगावकर किर्लोस्कर रोड म्हणतात. तेथे खरेदीला जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल की, भारतातील एका मोठ्या यंत्रोद्योगाचा आरंभ पंक्चर काढण्याच्या सामानासह या रस्त्यावर झाला?

१८९७ च्या सुमारास मुंबईच्या संस्थेत बढतीची जागा निघाली. ती लक्ष्मणरावांना मिळावयाची, पण एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. त्यांच्या स्वभावाचा एक विशेष येथे दिसतो. दार बंद झाले की ते ठोठावीत बसावयाचे नाही, दुसरे पाहावयाचे. हा विशेष पुढे आपल्या गावाला महाग पडला.

सायकलींच्या धंद्यात नफा असला तरी त्यात निर्मिती नव्हती. तयार माल आणून विकणे लक्ष्मणरावांच्या मनाला पुरे पडणारे नव्हते. भोवतालचा प्रदेश शेतकऱ्यांचा. वैरणीचा कडबा गुरांपुढे तसाच टाकला तर निम्माशिम्मा पायाखाली वाया जातो, म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर हाती घेतला. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन ओरखडतो, उलथीत नाही. काळ्या भारी रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. ती उपटावयाची तर माती खालची वर व्हावी लागते, आणि ते काम लोखंडी फाळाचे. परदेशी लोखंडी नांगर बाजारात आलेलेही होते. तसा नांगर आपल्या बैलांना ओढता येईल, आपल्या शेतकऱ्याला परवडेल आणि मोडला तर सुटा भाग हाताशी मिळेल, अशा रीतीने येथेच ओतावा, हा लक्ष्मणरावांचा विचार. बिडाचे ओतकाम, फाळाची धार, जोडकाम हे सारे नवशिक्या माणसांना घेऊन करावयाचे होते.

नांगर झाले, परंतु घ्यावयास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. या काळात भांडवल अडकले, देणी वाढली. दुसरा कोणी असता तर सायकलींकडे परतला असता. लक्ष्मणरावांनी नांगर शेतात नेऊन चालवून दाखविला, हातात घेऊन पाहू दिला. एकदा एका रानाचे पीक शेजारच्या रानाहून सरस आले म्हणजे समजूत आपोआप ढिली पडते.

मालास उठाव येऊ लागला, आणि नेमक्या याच वेळी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. कारखाना ठळकवाडीत, म्हणजे ज्या भागास आपण टिळकवाडी म्हणतो तेथे होता. शहर वाढत होते. नगरपालिकेस तेथे नवे उपनगर वसवावयाचे होते आणि त्याकरिता कारखान्याची जागा हवी होती. लक्ष्मणरावांना जागा खाली करण्यास सांगण्यात आले.

या प्रसंगाविषयी लिहिताना नगरपालिकेस खलनायक ठरविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. लोकांना राहावयास मोकळी, हवेशीर जागा हवी, हा विचार चुकीचा नव्हता. टिळकवाडीची सुबक आखणी पाहिली म्हणजे ते पटते. चूक जागा घेण्यात नव्हती, दुसरी जागा न देण्यात होती. गावात भट्टी पेटवून लोखंड ओतणारा एक मनुष्य आहे, त्याच्याकडे पंचवीसएक कुटुंबे पोट भरीत आहेत, उद्या ती अडीचशे होतील, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. धूर काढणारे एक खटले गावाबाहेर गेले तर बरेच, एवढेच कदाचित वाटले असेल. अर्थात बेळगावचे उद्योगजीवन तेथेच संपले असेही नाही. उद्यमबागेत पुढे उभ्या राहिलेल्या ओतशाळांनी आपल्या गावाला यंत्रोद्योगात स्वतःचे स्थान मिळवून दिले. पण ती पुढच्या पिढ्यांची कमाई. १९१० मध्ये जे गेले ते गेले.

आता औंधाकडे वळू. सातारा भागातील हे संस्थान अगदी छोटे, अवघ्या ७२ गावांचे. त्यातही गावे सलग नव्हती. मुख्य भाग औंधचा, दुसरा आटपाडीचा, कुंडलचा भाग निराळा, आणि एक तुकडा पार विजापूर जिल्ह्यात गुणदाळ येथे. मुलूख कोरडा, पावसाचा भरवसा नाही. उत्पन्न तुटपुंजे. अशा संस्थानच्या गादीवर नोव्हेंबर १९०९ मध्ये भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार, कीर्तनकार आणि पुढे १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारे राजे, म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. वय वर्षे ४१. लक्ष्मणराव त्यांच्याहून काही महिन्यांनीच लहान. एकाला चित्रकला साधली होती, दुसऱ्याची सुटली होती. अशा दोघांचे जुळले यात नवल नाही.

औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. कारखान्याची जागा जाणार हे कळताच बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज असे त्या निमंत्रणाचे स्वरूप होते. गादीवर बसून पुरते सहा महिनेही झाले नसताना राजाने हा निर्णय केला.

या देण्यातील बारकावे पाहण्यासारखे आहेत. पहिली गोष्ट, कारखाना राजधानीत, राजवाड्याच्या छायेत आला नाही. औंधला रेल्वे नव्हती. कुंडलला होती. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज फाटा तेथून जात होता आणि मिरजेहून हाच रूळ बेळगावास येत होता. कोळसा आणि कच्चे लोखंड आत यावयाचे, जड नांगर बाहेर जावयाचे. बैलगाडीवर हा व्यवहार परवडला नसता. माळ फुकट मिळूनही स्थानक दूर असते तर तो माळच राहिला असता. दुसरी गोष्ट, कर्ज. १०,००० रुपये ही त्या संस्थानाच्या तिजोरीला लहान रक्कम नव्हती. ज्याच्याजवळ तारण म्हणून दाखवावयास नांगरांखेरीज फारसे काही नाही अशा माणसाला ती देणे, हा माणूस पारखण्याचा भाग होता. तिसरी गोष्ट वेळ. जागा रिकामी करावयाची घाई असलेल्या माणसाला आज दिलेली जमीन आणि दोन वर्षांनी मंजूर होणारी जमीन यांत महदंतर असते. लहान संस्थानात निर्णय एका माणसाच्या हाती होता. तो माणूस चांगला निघाला हे लक्ष्मणरावांचे भाग्य. तो वाईट निघाला असता तर तक्रार कोणाकडे नेणार, हाही प्रश्न आहेच, आणि म्हणूनच राजेशाहीची वाखाणणी करावी असे मला वाटत नाही.

त्या काळी असा विचार करणारे बाळासाहेब एकटेच नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापडगिरणीचा आरंभ केला. बडोद्यात सयाजीरावांचे कलाभवन १८९० पासून कारागीर घडवीत होते. पण कोल्हापूर, बडोदे ही मोठी राज्ये. औंध त्यांच्या तुलनेत चिमूटभर. मोठ्याने दिले तर औदार्य होते. लहानाने दिले तर त्यात जोखीम असते.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस मानतात. स्थापना या शब्दाने डोळ्यांसमोर जे काही उभे राहते त्यातले तेथे काहीच नव्हते. ओसाड माळ, माजलेला निवडुंग आणि त्याच्या आडोशाने राहणारे नाग. पाणी दूर. सावलीला झाड नाही. बेळगावसारख्या थंड हवेच्या, बाजारपेठेच्या गावातून आलेल्या बायकामाणसांना तो माळ पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. कारखान्याचा इतिहास लिहिणारे यंत्रांची यादी देतात. त्या पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोणी भरले, चुली कोठे मांडल्या, हे मात्र कोठे लिहून ठेवलेले दिसत नाही. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या स्त्रिया यांच्या वाट्याचे हे काम होते, आणि त्यांनी ते केले नसते तर माणसे महिनाभरात परत फिरली असती.

बरोबर आलेली मंडळी तरी कशी? रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहू लागले. शंभोराव जांभेकरांकडे कारखाना आला. मंगेशराव रेग्यांनी हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट राहिलेले, पण यंत्ररचनेत त्यांची बुद्धी विलक्षण चाले. पहाऱ्यासाठी ठेवलेल्या माणसांत दरोड्याची शिक्षा भोगून आलेले दोघे होते. ज्या जमातीवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता तीतील या माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या किल्ल्या दिल्या, आणि त्यांनी त्या विश्वासाला तडा जाऊ दिला नाही. माणसाच्या कागदांपेक्षा हातांकडे पाहावयाचे, ही लक्ष्मणरावांची परीक्षा. स्वतःजवळ पदवी नसल्याचा हा फायदा म्हणावा काय?

इंग्लंड-अमेरिकेत काही उद्योजकांनी कारखान्याभोवती कामगारांसाठी नीटस गावे वसविल्याचे लक्ष्मणरावांनी वाचले होते. तसे काही आपण करावे ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. किर्लोस्करवाडीत घरे, रस्ते, बागा, शाळा, टपालघर या गोष्टी हळूहळू उभ्या राहिल्या. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा दंडक होता. १९१० च्या दशकात, खेड्यांनी वेढलेल्या जागी, ही सोपी बाब नव्हती. काही वर्षांत कुंडल रोड हे स्थानकाचे नाव जाऊन किर्लोस्करवाडी हे नाव आले.

पहिल्या महायुद्धाने परदेशी माल थांबला, तेव्हा देशी नांगरांची मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा दोन्ही दुर्मिळ आणि महाग झाले. त्यातून निभावून १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी झाली. उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली, पुढे पंप आणि तेलइंजिने. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकावयास गेले आणि १९२६ मध्ये परतले. त्यांच्याबरोबर गेलेले चुलतबंधू माधवराव मात्र क्षयाने तेथेच वारले. 

आपल्या वाचनालयाच्या दृष्टीने किर्लोस्करवाडीचे सर्वांत जवळचे उत्पादन नांगर नव्हे, मासिक. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. आरंभी ती कारखान्याच्या मालाची आणि माणसांची माहिती देणारी पत्रिका. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' यांची भर पडली. निवडुंग तोडून वसविलेल्या माळावरून, जवळपास एकही मोठे शहर नसताना, तीन मराठी मासिके निघत होती, आणि ती बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत पोचत होती. सीमाभागातील वाचनालयांत या अंकांसाठी सभासदांचे नंबर लागत. कारखाना आणावयाचा म्हणजे केवळ मजुरी आणावयाची नसते. त्याच्या मागोमाग छापखाना, शाळा आणि वादविवाद येतात. ते आले नाहीत तर समजावे की आली ती वखार. पुढे ही मासिके पुण्यास गेली.

स्थलांतराची ही साखळी पुढेही चालूच राहिली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रनिर्मितीचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये बंगळूर आणि पुणे येथे. ज्या किर्लोस्करांना औंधाने ओढून घेतले त्यांना आता मोठी राज्ये ओढू लागली होती. किर्लोस्करवाडी त्यामुळे ओस पडली नाही, तेथील पंपांचा कारखाना टिकला. हरिहरचा कारखाना मात्र पुढे बंद पडला आणि त्याच्या भोवती वाढलेल्या गावाने त्याची झळ सोसली. ओगलेवाडीचे उदाहरण तर अधिक जवळचे. १९१६ साली सुरू झालेल्या तेथील काच कारखान्याचे 'प्रभाकर' कंदील ज्यांनी पुसून, वात कापून लावले आहेत असे सभासद आपल्यात असतील. तो कारखानाही बंद झाला. स्थानकाच्या फलकावर नाव राहते, भोंगा वाजेनासा होतो.

लक्ष्मणरावांच्या उतारवयात त्यांच्या वाडीवर मोठा आघात झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. जेथे जातिभेद पाळावयाचा नाही असा नियम अडतीस वर्षे चालला तेथेच जातीचे नाव घेऊन जाळपोळ व्हावी, हा दैवदुर्विलास. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८ होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि चालू झाला. त्याच वर्षीच्या ८ मार्चला औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधी निवर्तले.

त्यानंतर पाच वर्षांनी, २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि त्यांचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. ते पाहण्यास ते पाच आठवडे कमी पडले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.